मावळची न्याहारी : घरातल्या मायेचा न लिहिलेला इतिहास

मराठी घरांतल्या प्रेमाचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसाचा हात आधी ठरावीक पुस्तकांकडे जातो. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, तिला शिकवायला बसवणारा नवरा आणि त्या शिकण्यावरून घरातल्या बायकांनी केलेला जाच हे सगळे त्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३० च्या दशकात आली. नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षे दूर राहिलेली आणि मग आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे गेलेली बायको त्यात स्वतःची गोष्ट सांगते. ही पुस्तके मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. पण ती लिहित्या-वाचत्या घरांतली आहेत. ज्या घरात पत्र लिहायला कुणी नव्हते, आलेले पत्र वाचायला शाळामास्तरांकडे जावे लागे, त्या घरातल्या नवरा-बायकोचे, आई-मुलाचे, बहीण-भावाचे काय?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. माझे माहेर पवन मावळातले, सासर लोणावळ्यातले. दोन्हीकडच्या माझ्या आज्यांना सही येत नव्हती. त्यांच्या पिढीची एकही चिठ्ठी आमच्या घरात नाही. गेली काही वर्षे मी अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांतल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलत फिरते आहे. कुठल्या विद्यापीठाचे काम म्हणून नाही, माझ्याच वहीसाठी. त्यात एक गोष्ट वारंवार अनुभवाला आली. नवऱ्याविषयी विचारले की बाई तो काय खायचा ते सांगते. सकाळी काय खात होता असे विचारले, तर हळूहळू नवऱ्याविषयी बोलायला लागते. म्हणून मी दुसरा प्रश्न आधी विचारू लागले. मावळातल्या घरगुती मायेची नोंद कागदावर नसेल, पण ती दोन जागी झालेली आहे : पहाटेच्या जात्यावरच्या ओवीत आणि सकाळच्या न्याहारीत. या लेखात त्या दोन जागा एकमेकींशेजारी ठेवून पाहायच्या आहेत.

रिकाम्या पोटाचे शब्द

सकाळच्या खाण्याला मराठीत दोन शब्द रुळले आहेत. ‘न्याहारी’चे नाते अरबी ‘नहार’ म्हणजे दिवस या शब्दाशी लावतात. उर्दूतली ‘निहारी’ त्याच घराण्यातली. ‘नाश्ता’ हा फारसी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ खाणे असा नसून ‘ज्याने अजून काही खाल्लेले नाही तो’ असा आहे. उपाशी माणसाचे नाव खाण्याला मिळाले. मावळात मात्र ‘नाश्ता’ फार उशिरा आला. इथे होती ती न्याहारी, आणि ती उठल्याबरोबर नव्हती. पहाटे नांगर धरायचा, ऊन चढले की बैल सोडायचे आणि मग बांधावर बसून खायचे, ते हे खाणे. शहरातले लोक अंघोळ, पूजा आणि जेवण अशा क्रमाने दिवस मोजत. मावळचा शेतकरी काम, न्याहारी आणि पुन्हा काम असा मोजत असे.

काय खायचे हे जमिनीने ठरवले होते. मावळ हा भाताचा मुलूख. इंद्रायणी, पवना आणि आंद्रा या नद्यांच्या काठच्या खाचरांत भात, आणि वरच्या उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई. तांदूळ पिकवणाऱ्या घरात रोज तांदूळ शिजत असेल असे बाहेरच्याला वाटते. चांगला आंबेमोहर घरात ठेवायचा तो सणाला, पाहुण्याला आणि विकायला. रोजच्या पोटाला नाचणी. न्याहारीला नाचणीची भाकरी, कांडताना फुटलेल्या कण्यांची पेज, उन्हाळ्यात आंबील. सोबत लसणाची चटणी नाहीतर ठेचा, सुकट किंवा बोंबील भाजून, पावसाळ्यात रानातली भाजी. तांदळाची भाकरी म्हणजे थोडा थाट. पाणी उकळून त्यात पीठ वैरायचे, उकड गरम असतानाच काठवटीत मळायची आणि हाताला चटके सोसत भाकरी थापायची. ही उकड थंड झाली की भाकरी चिरते. त्यामुळे तांदळाची भाकरी करणारीला मध्येच उठून दुसरे काम करता येत नाही. मला भेटलेल्या बायका ‘त्यांच्यासाठी तांदळाची केली’ असे म्हणतात, तेव्हा त्या अर्ध्या तासाचा हिशेब त्या वाक्यात असतो.

आज मावळचा म्हणून जो ‘इंद्रायणी’ तांदूळ पुण्या-मुंबईत विकला जातो, तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला. म्हणजे आमच्या आज्यांच्या न्याहारीत तो नव्हताच. ‘पारंपरिक मावळी न्याहारी’ म्हणून जे ताट आज हौसेने वाढले जाते, त्यातला मऊ, चिकट भात जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, तीही चार-पाचशे वर्षांपूर्वीच. चव फार जुनी असते हा आपला समज आहे. जुना असतो तो क्रम : कोण आधी उठते, कोणासाठी काय राखते, आणि शेवटी कोण खाते.

जात्यावर कोणाचे नाव येते

भाकरीची सुरुवात चुलीपाशी होत नाही. ती जात्यापाशी होते. विजेची गिरणी गावोगाव पोहोचण्यापूर्वी रोजचे पीठ रोज दळावे लागे आणि ते भल्या पहाटे, घर झोपलेले असताना. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात वैरायचे. सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी समोरासमोर बसत. त्या अंधारात ओवी म्हटली जाई. दिवसभर ज्या बाईने मान वर करून बोलायचे नाही, ती त्या एक-दोन तासांत बोलून घेई. जात्याच्या घरघरीत शब्द बाहेर फारसे ऐकू जात नसत, आणि गेले तरी ते ‘गाणे’ होते. त्यासाठी कुणी जाब विचारत नसे.

या ओव्यांचे मोल जाणणारे आधीही होते. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये ओव्या गोळा करून नात्यांप्रमाणे लावल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून मोठे धन जपले. पण आमच्या डोंगराळ मुलखाला या बाबतीत एक वेगळे भाग्य लाभले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्समधले गी पॉइतवाँ हे दोघे मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामाने फिरत होते. त्या गावांतल्या बायका स्वतःविषयी काय म्हणतात हे ऐकताना ते जात्यापाशी पोहोचले. १९८० च्या दशकात सुरू झालेले हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या गेल्या. बर्नार बेल यांच्या साथीने कित्येक ओव्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. आता हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने सर्वांना ऐकायला खुला केला आहे. जगातल्या कष्टकरी बायकांनी स्वतः रचलेल्या शब्दांचा एवढा मोठा साठा क्वचितच कुठे असेल, आणि त्याची सुरुवात आमच्या घाटमाथ्यावर झाली.

हा साठा ऐकताना मी एकच गोष्ट शोधत होते : प्रेम कोणावर आहे? उत्तर चटकन मिळते. भावावर आहे, उदंड आहे. भाऊ न्यायला येतो, त्याच्यासाठी वाट झाडली जाते. आईवर आहे. मुलगा राघू होतो, मुलगी मैना होते. विठ्ठल तर घरचाच पाहुणा असल्यासारखा येतो. वनवासातली सीता येते, आणि तिचे दुःख सांगताना बाई आपलेच सांगते आहे हे कळायला वेळ लागत नाही. नवरा मात्र फार जपून येतो. तो येतो कुंकवाच्या रूपाने, चुड्याच्या रूपाने, ‘आपल्याआधी त्याला काही होऊ नये’ या मागण्यातून. तो सौभाग्य असतो, माणूस क्वचितच असतो. त्याचे हसणे, त्याचा राग, त्याचा हात यांविषयी ओवी बहुधा गप्प राहते.

याची कारणे उघड आहेत. समोर बसून त्याच जात्याचा खुंटा ओढणारी बाई त्या नवऱ्याची आई किंवा वहिनी असे. तिच्यासमोर नवऱ्याचे कौतुक गाणे म्हणजे निर्लज्जपणा, आणि त्याची तक्रार गाणे म्हणजे धोका. त्याचे नावही घ्यायचे नाही. घ्यायचेच तर लग्नकार्यात, चारचौघांच्या आग्रहाने, उखाण्यात गुंफून. भाऊ हे सुरक्षित माणूस होते. त्याच्यावरची माया मोठ्याने म्हणता येई.

मग नवऱ्यावरची माया, असली तर, गेली कुठे? माझे म्हणणे असे की ती जात्यावरून उठून चुलीपाशी गेली.

बांधावरची शिदोरी

दळण संपले की चूल पेटे. भाकरी, कालवण, पाण्याची कळशी असे सगळे फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन बाई शेताकडे निघे. मावळात ही वाट सोपी नव्हती. पावसाळ्यात खाचरांच्या अरुंद, निसरड्या बांधांवरून, डोक्यावर इरलं किंवा पोतं घेऊन जायचे. भातलावणीच्या दिवसांत न्याहारी एकट्या नवऱ्याची नसे. इर्जिकीला आलेल्या सगळ्यांची असे. गावातले लोक आपापले बैल घेऊन एकाच्या शेतात येत आणि त्या घराने सर्वांना पोटभर खाऊ घालायचे असा तो रिवाज. कोणत्या घरची भाकरी कशी, हे गावाला तिथे कळे.

पण रोजच्या दिवशी, इर्जीक नसताना, बांधावरची न्याहारी ही नवरा-बायकोला मिळालेली दिवसातली एकमेव वेगळी वेळ होती. घरात सासू-सासरे, दीर-जावा, मुले. एका खोलीच्या घरात दोघांना बोलायला जागा नाही. शेतावर मात्र तो खात बसला की ती समोर बसे. अर्धा तास. माझ्याशी बोललेल्या कित्येक बायकांच्या आठवणीतले नवऱ्याशी झालेले पहिले धड बोलणे या बांधावरचे आहे. कुणाला तिथे मूल गेल्याचे दुःख पहिल्यांदा बोलता आले. कुणाला माहेरी जायची परवानगी तिथे मागता आली. कुणी त्याच्या फडक्यात गुपचूप गुळाचा खडा बांधला, आणि त्याने अर्धा मोडून परत दिला. एवढीच त्या लग्नाची प्रेमकथा, आणि ती सांगताना ऐंशीची बाई पदर तोंडाशी धरते.

या चित्राला गोड रंग देणे सोपे आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. भाकरी उशिरा आली म्हणून मार खाल्लेल्या बायका मला भेटल्या. मीठ जास्त झाले म्हणून ताट फेकले गेल्याचे सांगणाऱ्या भेटल्या. तांदळाची भाकरी त्याला आणि मुलग्यांना, नाचणीची तिला आणि मुलींना, ही वाटणी तर इतकी सरसकट होती की ती सांगताना कुणाचा आवाजही बदलत नाही. बहुतेक घरांत बाई शेवटी खायची आणि जे उरेल ते खायची. कधी तव्याची कड, कधी भांड्याला लागलेली पेज. तेव्हा पहाटेचे ते दळण आणि ती भाकरी यांना प्रेम म्हणायचे की वेठ?

मी या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देत नाही, कारण त्या बायकाच देत नाहीत. त्या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतात. सक्ती होती म्हणून रोज भाकरी केली. पण कुणासाठी कोणती केली, कुणासाठी कड कुरकुरीत ठेवली, कुणाची आधी थापली, हे मात्र त्यांनी ठरवले. सक्तीच्या कामात जेवढी जागा मोकळी राहते तेवढ्याच जागेत या घरांमधले प्रेम राहिले. ती जागा लहान होती म्हणून ते खोटे होते असे म्हणता येत नाही, आणि ते होते म्हणून जागा पुरेशी होती असेही म्हणता येत नाही.

आगगाडी आणि दुसऱ्याचे डबे

हा क्रम मोडला तो आगगाडीने. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. मधला बोरघाट तयार व्हायला आणखी पाच वर्षे लागली. तोवर प्रवासी खालच्या गाडीतून उतरून पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडत. घाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर होते. कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार माणसे नेमून तिने काम तडीस नेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. नवऱ्यामागे त्याचे काम पुरे करणाऱ्या या बाईची कथा इतिहासात नोंदली गेली आणि ती नोंदण्यासारखीच आहे. त्याच घाटात पटकीने मेलेल्या मजुरांच्या बायकांची नोंद कुठे नाही. लोणावळ्याची चिक्की ही मुळात त्या काळी रेल्वेच्या कामगारांत खपणारी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी, असे आमच्याकडे सांगतात. चूल मांडायला सवड नसलेल्या, बायको जवळ नसलेल्या माणसाची ती न्याहारी.

घाट खुला झाल्यावर मावळचा पुरुष मुंबईला जाऊ लागला. गिरण्या, गोदी, हमाली. पुढे लोणावळ्याजवळच्या धरणांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला वीज निघू लागली (१९१५) आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. शेजारच्या मुळशीत धरणासाठी भाताची खाचरे जायची वेळ आली, तेव्हा १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात पुढे होते आणि मावळच्या बायकाही उतरल्या होत्या. तरी जमीन बुडायची ती बुडाली. ज्यांची खाचरे गेली त्यांचीही वाट मुंबईकडेच होती.

मुंबईत एकटा राहणारा गिरणी कामगार खानावळीत जेवे. गिरणगावात या खानावळी बायका चालवत, बहुतेक कामगारांच्याच बायका. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभी केली. या व्यवस्थेकडे मावळातून पाहिले की एक विचित्र चित्र दिसते. इथली बाई गावात एकटीसाठी आणि मुलांसाठी भाकरी थापते आहे. तिचा नवरा तिकडे दुसऱ्या कुणाच्या बायकोच्या हातचे महिन्याच्या पैशाने खातो आहे.

याहून पुढचे टोक म्हणजे डबेवाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याची पद्धत बसवली, आणि या धंद्यातले बहुसंख्य लोक आले ते मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातून. माझे आईकडचे आजोबा त्यांतलेच. सकाळी दारोदार जाऊन डबे गोळा करायचे, स्टेशनवर खुणांप्रमाणे वाटायचे, दुपारी साडेबारा-एकच्या आत टेबलावर पोहोचवायचे आणि रिकामे परत न्यायचे. या शिस्तीवर जगभर लेख लिहिले गेले. २०१३ साली आलेल्या ‘द लंचबॉक्स’ चित्रपटात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून एक प्रेमकथा उमलते. ती लोकांना फार आवडली, मलाही आवडली. पण तो डबा वाहणाऱ्या माणसाने सकाळी काय खाल्ले, हे त्या गोष्टीत कुठे येत नाही.

तो चार-सहा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहत असे. कुणी पाळीने स्वयंपाक करी, नाहीतर चहा आणि पाव. दुसऱ्याच्या बायकोच्या हातचा ऊन डबा वेळेत पोहोचवणे हे ज्याचे आयुष्य, त्याला स्वतःच्या बायकोच्या हातची भाकरी मिळे ती चैत्रात, गावच्या जत्रेला धंदा पाच-सहा दिवस बंद ठेवून सगळे घरी येत तेव्हा, आणि अधूनमधून लग्नकार्याला किंवा लावणीला. आजी त्या दिवसांसाठी वर्षभर काय काय राखत असे! वेगळे ठेवलेले आंबेमोहराचे गाठोडे, उडदाचे पापड, सुक्या बोंबलांची जुडी. जत्रेच्या पहिल्या सकाळी तांदळाची भाकरी. परत जाताना त्याच्यासोबत चटणीची पुडी आणि भाकऱ्यांची चवड. भाकऱ्या दोन दिवस पुरत, चटणी महिनाभर. आई सांगते, ती पुडी संपत आली की आजोबा गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडत : चटणी संपली. त्यांच्या लग्नात पत्रे नव्हती. हा निरोप होता. तो कळवायचा काय आणि कळायचा काय, हे दोघांना ठाऊक होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक कामगार कायमचे गावी परतले. आमच्या भागात याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झालेली जोडपी पहिल्यांदाच रोज एका घरात राहू लागली. नोकरी गेलेला, अपमान गिळून आलेला पुरुष आणि त्याच्यावाचून संसार रेटायला शिकलेली बाई. काही घरांत त्यातून दारू आणि भांडणे आली. काही घरांत दोघे पन्नाशीत एकमेकांना ओळखू लागले. एका बाईने मला सांगितले की आपला नवरा कालवणात चिंच खात नाही, हे तिला लग्नानंतर चोविसाव्या वर्षी समजले.

चहा आणि कांदेपोहे

आगगाडीने माणसे नेली, तशा काही वस्तू आणल्या. चहा त्यातला पहिला. शहरात त्याला आधी धर्माचा प्रश्न चिकटला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदी मंडळींवर ग्रामण्य झाले. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते रमाबाईंना रुचले नव्हते, हे त्यांच्याच आठवणींतून कळते. एका पेल्यावरून नवरा-बायकोत मतभेद झाला आणि तो तिने लिहून ठेवला. मावळात चहा असा गाजावाजा करून आला नाही. मुंबईहून येणाऱ्यांच्या सवयीतून, स्टेशनावरून, लोणावळ्याच्या बंगल्यांतून तो झिरपला. पण त्याने न्याहारीचा क्रमच बदलला. उठल्याबरोबर काहीतरी पोटात जाऊ लागले. शिळी भाकरी चहात बुडवून खाणे ही मावळातली सर्वांत लाडकी न्याहारी झाली, आणि बाईच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की ती रात्रीच तयार असते. पहाटेचा एक तास तिच्या वाट्याला परत आला.

दुसरी वस्तू पोहे. भातच्या मुलखाला पोहे नवे नाहीत. भात भिजवून, भाजून, कुटून ते घरी होत. सुदाम्याने कृष्णासाठी नेलेली पुरचुंडी पोह्यांचीच, म्हणजे मायेची खूण हे काम पोह्यांकडे पूर्वीपासून आहे. पण कांदा, मिरची, शेंगदाणे घालून परतलेले, वर खोबरे-कोथिंबीर पेरलेले पोहे ही शहराची न्याहारी. मावळात ते आले नोकरीबरोबर. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग मोठे कारखाने आले आणि लोणावळा-तळेगावकडची माणसे सकाळच्या पाळीला लोकलने जाऊ लागली. नोकरदार मुलगा म्हणजे चांगले स्थळ, आणि त्याला मुलगी दाखवायची तर पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा. ‘कांदेपोहे’ हा शब्दच मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाचा पर्याय झाला. ज्या पदार्थाने लग्नाची बोलणी सुरू होत, तो मुलगी स्वतःच्या घरी रोज करत असेच असे नाही. माझ्या पिढीतल्या कित्येकींनी तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेजारणीकडून शिकून घेतला.

पण बदल नुसता पदार्थाचा नव्हता. पोह्यांच्या बशीने मुलाने मुलीला पाहिले, आणि चोरून का होईना मुलीनेही मुलाला पाहिले. आमच्या आज्यांना तेवढेही मिळाले नव्हते. पुढे दोघांचे वेगळे बिऱ्हाड, एका खोलीत दोघांनी एकदम बसून केलेली न्याहारी, रविवारी त्याने केलेला चहा, या गोष्टी लोणावळा-तळेगावच्या चाळींतून सुरू झाल्या. नवऱ्याने चहा करणे ही शेजाऱ्यांपासून लपवायची बाब होती. दार लावून तो चहा होत असे, हे सांगताना माझ्या आत्याच्या वयाच्या बायका अजून हसतात. प्रेम दाखवायला पुरुषाने चुलीजवळ येणे ही मावळच्या न्याहारीच्या इतिहासातली माझ्या मते सर्वांत मोठी घटना, आणि तिला तारीख नाही.

जाते थांबल्यावर

विजेची गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली. आता ती लग्नाच्या हळदीपुरती बाहेर येतात. त्यांच्याबरोबर ओवी थांबली. याचे दुःख करणारे लेख मी वाचते, आणि ज्यांनी दळले त्या बायकांना विचारते. जाते गेल्याचे दुःख एकीलाही नाही. खांदे दुखायचे थांबले, असे त्या म्हणतात. आठवण येते ती समोर बसलेल्या जावेची, त्या अंधारातल्या बोलण्याची. संशोधकाला हवी असलेली ओवी त्यांच्या खांद्यांच्या मोलाने तयार झाली होती, एवढे भान आपण ठेवावे.

आज द्रुतगती महामार्गाने मुंबईचा माणूस दोन तासांत मावळात उतरतो. पवनेच्या काठी तंबू लागले आहेत, खाचरांच्या जागी बंगले आहेत, आणि जागोजाग पाट्या आहेत : चुलीवरची भाकरी मिळेल. तिथे भाकरी थापणाऱ्या बायका याच तीन खोऱ्यांतल्या आहेत. त्यांच्या हातच्या भाकरीला पहिल्यांदाच दर आला आहे, आणि तो त्यांच्या हातात पडतो. माझ्या ओळखीची एक बाई शनिवार-रविवारी दीड-दोनशे भाकऱ्या करते. सोमवारी सकाळी ती चूल पेटवत नाही. तिचा नवरा, जो पूर्वी ट्रक चालवत असे, तो त्या दिवशी पोहे करतो. त्याचे पोहे कोरडे होतात, असे ती म्हणते. पण दुसऱ्या कुणी केलेले ती सोमवारी खात नाही.

आपल्या घरातल्या वयस्क बाईकडे पत्रे, फोटो, दागिने यांची चौकशी आपण करतो. यंदा दिवाळीला फराळाचे ताट समोर असताना तिला एवढेच विचारून पाहावे : लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी सकाळी घरात काय होत असे, ते कोण करत असे, आणि तुम्ही कधी खात होता? उत्तर लिहून ठेवावे, तारीख घालावी. मावळातल्या माझ्या वहीत अशी पाने साठत आहेत. त्यांतले कोणते पान प्रेमाचे आणि कोणते कष्टाचे, हे वेगळे लावायचा मी प्रयत्न करून पाहिला. लागत नाहीत. म्हणून ती आता गावांच्या नावांप्रमाणे लावली आहेत.